ताडाखालचा उजेड

कास्तियोसजवळ, रोचा
९ जून

चि. मिर्ता हिस, थोरल्या बहिणीचे ओंजळभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण क्षेम काही नाही. फोनवर तू काय बोलतेस त्यातलं मला हल्ली निम्मंसुद्धा ऐकू येत नाही. मी आपली हो हो म्हणत राहते आणि मग तू रागावतेस. म्हणून हे पत्र. बसच्या कंडक्टरकडे देते आहे, तू टर्मिनलवरून सोडवून घे.

एल्बियो मार्चमध्ये आजारी पडला हे तुला ठाऊक आहे. कसा पडला ते मी सांगितलं नव्हतं. नेहमीसारखा तो कुरणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये कातड्याच्या वाद्या वळत बसला होता. तिथेच छातीत कळ आली आणि तो जमिनीवर आडवा झाला. मी इकडे सूप ढवळत होते. लग्न झाल्यापासूनची आमची पद्धत अशी, की मी दारातून गाईची घंटा वाजवायची आणि त्याने हातोडीने पत्र्यावर दोन ठोके मारायचे, म्हणजे आलो. आता ते ठोके मला ऐकू येत नाहीत. मारले असतील असं मी धरून चालले. सूप निवून साय धरली तरी स्वारीचा पत्ता नाही, तेव्हा काठी घेऊन निघाले आणि वाटभर त्याला शिव्या घालत गेले. दारात पोचले तर हा जमिनीवर, आणि तोंडाजवळ माश्या. मिर्ता, त्या शिव्या अजून माझ्या जिभेवर आहेत.

डॉक्टरांनी बजावलं, शेड बंद. हा ऐकतोय थोडाच! खुर्चीत बसून मरण्यापेक्षा वादी हातात असताना मेलेलं बरं, असं वर मलाच ऐकवतो. मेल्यावर त्याला काय, मागे राहणाऱ्याचं काय होतं ते त्याने बघायला नको. माझा खुबा हा असा. कुरण ओलांडून जायचं म्हणजे युग लागतं. म्हणून सकाळपासून खिडकीला चिकटून असते. परवा बटाटे सोलताना शेडकडे बघत राहिले आणि बोट कापून घेतलं. झोपेत घंटा वाजवते म्हणे मी, एल्बियो सांगत होता.

तुझ्या गास्तोनने गेल्या वर्षी आमच्या घरात ते एकमेकांशी बोलणारे दिवे बसवले, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. दार उघडं राहिलं की स्वयंपाकघरातला दिवा रंग बदलतो, तेवढंच मला त्यातलं समजतं. आता तूच त्याला सांग, की हे सगळं शेडपर्यंत वाढवून दे. आत माणूस हलतो आहे एवढं मला चुलीपाशी कळलं तरी पुरे. त्यापेक्षा जास्त मी देवाकडेही मागत नाही.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी
झुल्मा


मोंतेविदेओ
१५ जून

ती. झुल्माताईस, धाकट्या मिर्ताचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले, आणि मग तुझ्या सुपावरची साय आठवून हसले. एवढं झालं आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस! भेटलीस की कान धरणार आहे, थोरली असलीस तरी.

गास्तोन शनिवारच्या बसने येतो आहे. त्याला रजा आहे. भावजींना सांग की तो तळ्यावर मासे धरायला येतो आहे, नाहीतर ते शेडला आतून कडी लावतील. मी त्याला विचारलं की हे काम अवघड आहे का. तो म्हणाला, येर्बाच्या कढत काढ्याचा पेला जसा हातोहात फिरतो तसं हे असतं. एका डबीने ऐकायचं, दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. हात पुरेसे जवळ असले की पेला पोचतो. मध्ये मोठं अंतर पडलं की सांडतो. मध्ये काय काय आहे असं त्याने विचारलं, तर मी सांगितलं: कुरण, आणि कुरणाच्या मधोमध तो म्हातारा ताड.

आणि ताडाखाली कोण आहे तेही सांगितलं. आजोबांच्या वेळच्या लढाईतला तो परका भालाईत, ज्याला नाव न विचारताच पुरला. गास्तोन हसला. मी फारशी हसले नाही बरं का. अर्धं आयुष्य शहराच्या दिव्यांखाली काढलं, तरी आईचे शब्द मला पाठ आहेत. रानात पुरलेल्या मेलेल्याचा वाईट उजेड दिसला तर बघायचं नाही, बोलायचं नाही, घरात यायचं आणि झडपा लावून घ्यायच्या. उघड्यावर गाठ पडली तर सुरीचं म्यान दातांत धरायचं आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची. तू तर सहाव्या वर्षापासून सूर्य कलल्यावर त्या ताडापलीकडे गेलेली नाहीस. लग्नाच्या दिवशीसुद्धा वऱ्हाडाला वळसा घालायला लावलास.

घाबरू नकोस. तुमच्या घरी पहिलं धुलाईयंत्र आलं तेव्हा तू त्याच्यावर चादर घालून वर मारियामातेची तसबीर ठेवली होतीस. आता त्याच्याशी गप्पा मारतेस. याचंही तसंच होईल.

भावजींना जप आणि स्वतःलाही. धाकटीवरचा लोभ नेहमीसारखा ओरडून का होईना, पण असू दे.

तुझी
मिर्ता


कास्तियोसजवळ
२ जुलै

चि. मिर्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा लेक आला, जेवला, भिजला आणि गेला. पोरगा गुणाचा आहे. माझ्या हातच्या गोड पुऱ्या त्याने इतक्या खाल्ल्या, की शहरात तू त्याला काय घालतेस असा प्रश्न पडला.

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. खिडकीत एक डबी ठेवली, शेडमध्ये दुसरी, पण दोघींचं बोलणं होईना. गास्तोन म्हणाला, मावशी, ही शेड चहूबाजूंनी पत्र्याची आहे, बाहेरचं आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. मी म्हटलं, अगदी तुझ्या काकासारखी. मग शेडच्या घराकडच्या बाजूला पत्रा कापून त्याने हातभर खिडकी केली आणि तिला काचेसारखं प्लास्टिक लावलं. त्यातून थोडं थोडं पोचायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. सकाळभर हा डोकं खाजवतोय. शेवटी पाहतो तर काय, एल्बियोने ती डबी धुळीपासून जपावी म्हणून मुरंब्याच्या पत्र्याच्या डब्यात घालून वर झाकण लावून ठेवलेली! मशीन आहे, सर्दी होईल, असं वर तोंड करून सांगतो.

तरी मधलं अंतर उरलंच. मध्ये एक खांब हवा, त्यावर सूर्यावर चालणारी एक डबी, असं गास्तोन म्हणाला. दोन्हीकडून दिसेल अशी जागा एकच. तुला सांगायला नकोच कुठली. मी हात जोडले, रडले, दुसरीकडे कुठेही खण म्हटलं. एल्बियो म्हणाला, त्या भालाइताला इतकी वर्षं कुणी कामाला लावलं नाही, आता लागू दे. पहार जमिनीत गेली तशी मी घरात येऊन झडपा लावल्या. भर दुपारी, मिर्ता.

आता एल्बियो शेडमध्ये हलला की माझ्या चुलीवरचा दिवा निळा होतो. त्याच्यासाठी एक बटणही आहे, गळ्यात घालायचं. प्लास्टिकची दोरी मी घालणार नाही, मी काय बकरी आहे का, असं म्हणाला. मग रात्री चुलीपाशी बसून त्याने त्या बटणासाठी चार पदरी कातडी गोफ वळला आणि गळ्यात घातला. दाबणार मात्र नाही म्हणतो. निळा दिवा बघून मी परवा बऱ्याच दिवसांनी खाली बसून जेवले.

तरी तो खांब माझ्या डोळ्यांत सलतो.

इकडची आठवण ठेव, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी
झुल्मा


कास्तियोसजवळ
१८ जुलै

चि. मिर्ता, आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे म्हणून अक्षर असं आहे. काल संध्याकाळी एल्बियो माझ्यासमोर बसून सूप पीत होता. माझ्यासमोर, चमचा तोंडात. आणि चुलीवरचा दिवा निळा झाला. विझला. पुन्हा निळा झाला. मी एल्बियोकडे बघते, तो दिव्याकडे बघतो. शेडला बाहेरून कुलूप घातलेलं, किल्ली त्याच्या खिशात. मग मिर्ता, आत कोण चालत होतं?

एल्बियो म्हणाला उंदीर असेल. इतका मोठा उंदीर! मी उठले आणि घरातले सगळे दिवे ज्यावर बोलतात त्या मुख्य खोक्याची वायरच उपटून टाकली. आमचं खूप भांडण झालं. तो म्हणाला, तूच मागितलंस आणि तूच उपटतेस. मी म्हटलं, मी नवऱ्यावर लक्ष ठेवायला मागितलं होतं, दुसऱ्या कुणावर नाही. आम्ही त्या माणसाच्या उशाशी पहार मारली आहे. तो आता उठून शेडमध्ये येरझाऱ्या घालतो आहे, आणि एल्बियो रोज सकाळी तिथेच जाऊन बसतो.

पुन्हा खिडकीला चिकटले आहे. पूर्वी एकाच गोष्टीची भीती होती, आता दोन झाल्या.

लवकर लिही.

झुल्मा


मोंतेविदेओ
२४ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या भालाइताला पंख आहेत. गास्तोन सांगतो, की शेडच्या आढ्यावर पांढऱ्या घुबडाचं घरटं आहे, त्याने स्वतः पाहिलं. अंधार पडला की ते उडतं आणि सेन्सरला वाटतं माणूस हलला. पुढच्या वेळी येऊन तो सेन्सर खाली वळवणार आहे. तोवर एवढंच कर, की संध्याकाळी दिव्यावर विश्वास ठेवू नकोस, पण दिवसा खोका चालू ठेव. ताई, वायर लाव गं. तुझा फोनही त्याच खोक्यावर चालतो, विसरलीस का? मी रोज फिरवते आणि कुणी उचलत नाही. इथे माझ्या जिवाचं पाणी होतं.

तू मला भित्री म्हणायचीस. आहेच मी. मला भालाइताची भीती वाटत नाही, दर सकाळी फोन वाजला की तो तिकडून असेल का याची वाटते. भावजी आडवे पडलेत आणि तू खिडकीशी उभी राहून ऐकू न येणाऱ्या ठोक्यांची वाट बघते आहेस, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

घुबडाला माझा नमस्कार सांग. वायर लाव. आणि लोभ आहेच, तो विझवू नकोस.

तुझी
मिर्ता


मोंतेविदेओ
६ ऑगस्ट, घाईत

ताई,

नमस्कार वगैरे नंतर. हे पत्र आत्ताच्या बसला देते आहे. तुझा फोन अजून बंद आहे, म्हणजे वायर अजून उपटलेलीच. तुमच्या शेजारच्या एबेरचा नंबर माझ्याकडे नाही. नीट वाच.

आज जेवताना गास्तोन सहज बोलून गेला. त्या ताडाखालच्या खांबावर नुसती डबी नाही, एक दिवाही आहे. भावजींनीच बसवून घेतला. त्यांनी त्याला सांगितलं होतं, की झुल्मा एक ना एक दिवस घाबरून खोका बंद करणार हे मला माझ्या नावासारखं ठाऊक आहे, मग तुझ्या बटणाचा काय उपयोग? म्हणून गास्तोनने बटण थेट त्या दिव्याशी जोडलं. घरातलं सगळं बंद असलं तरी बटण दाबलं की ताडाखाली पांढरा दिवा लागतो. तुमच्या घरातून दिसतो आणि शेजारी एबेरच्या अंगणातूनही. भावजींनी त्याला शपथ घातली की मावशीला सांगू नकोस, नाहीतर ती खांब उपटायला लावेल. मी योग्य वेळ बघून सांगतो म्हणाले. एबेरलाही सांगणार होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ते बटण आपल्याला कधी लागणारच नाही असंच त्यांनी धरलंय.

म्हणून मी सांगते. ताई, ताडाखाली उजेड दिसला तर तो वाईट उजेड नाही. तो तुझा नवरा आहे. झडपा लावू नकोस. एबेरला हाक मार आणि शेडकडे जा.

देवा, हे पत्र वेळेत पोचू दे.

मिर्ता


रोचा, इस्पितळातून
८ ऑगस्ट

चि. मिर्ता हिस,

एल्बियो जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तू पुढचं वाचायच्या आधी शेवटची ओळ बघतेस हे मला माहीत आहे.

तुझं पत्र आज हातात पडलं. एबेर माझे कपडे घेऊन आला, त्याच्याकडे कंडक्टरने दिलं. तू ते बसला देत होतीस त्याच संध्याकाळी सगळं घडलं.

सूर्य बुडाला होता, पण आभाळ अजून राखाडी होतं. घंटा वाजवली आणि खिडकीतून शेडकडे बघायला गेले, तर ताडाखाली उजेड. पांढरा, गार, न हलणारा. आई सांगायची अगदी तसा. मला वाटलं, झालं, तो उठला. आई सांगायची तेच मी केलं. बघितलं नाही, बोलले नाही. न्हाणीची झडप लावली, खोलीची लावली. कुत्रा बाकाखाली शिरला. स्वयंपाकघराच्या झडपेला हात घातला आणि तिथे मी थांबले.

मला एल्बियोची आठवण झाली. ही त्याची घरी यायची वेळ. पायवाट ताडाखालूनच येते. तो खाली मान घालून चालत येईल आणि एकदम वर बघेल. एवढ्याशा दचक्यानेही हे काळीज बंद पडेल असं डॉक्टर म्हणाले होते. मिर्ता, मला वाटलं तो आपल्या मेलेल्याशी गाठ पडून मरेल, आणि मी इथे झडपांमागे सुरक्षित बसलेली असेन. पुन्हा मी इथे आणि तो तिथे.

भिंतीवरून सुरी काढली. म्यान दातांत धरलं. एका हातात सुरी, एका हातात काठी, कंदील धरायला हात उरला नाही. दार उघडलं. तोंडात म्यान, म्हणून प्रार्थना मनातच म्हणत होते, आणि मध्येच प्रार्थना विसरून त्या भालाइताशी बोलत होते. गाय घे म्हटलं. कोंबड्या घे, सगळ्या घे. माझं घे काय हवं ते. तो म्हातारा तुझ्या काही उपयोगाचा नाही, त्याला ऐकण्याची सवय नाही. खुबा दुखत होता का ते आठवत नाही. ताडाजवळ आले तशी डोळे घट्ट मिटले. मिटलेल्या पापण्यांतूनसुद्धा उजेड लाल दिसत होता. लाल पुन्हा काळा झाला तेव्हा कळलं, आपण पलीकडे आलो आणि अजून आहोत.

शेडमध्ये एल्बियो जमिनीवर होता. डोळे उघडे. मुठीत ते बटण. ओठ हलत होते, पण मला काय ऐकू येणार! मी ओरडायला गेले तर तोंडात म्यान. ते काढायचं असतं हेसुद्धा मला सुचलं नाही. समोर त्याची हातोडी दिसली. ती उचलली आणि पत्र्यावर मारत सुटले. दोन ठोके, थांबायचं, दोन ठोके. त्याचेच, ऐकू न आलेले, सगळे त्या दिवशी मी मारले.

एबेर नंतर म्हणाला, त्यानेही अंगणातून उजेड पाहिला होता. त्यानेही पोरं आत घेतली आणि झडपा लावल्या. वाईट उजेडाकडे कोण जाणार? पण हे ठोके तो जन्मभर ऐकत आला आहे. भूत असतं तर त्याला एल्बियोचे ठोके कुठून माहीत असणार, असं बायकोला म्हणाला आणि ट्रक काढला. इथल्या डॉक्टरांनी काळजात बारीक नळी बसवली आहे. अजून थोडा उशीर झाला असता तर बसवून उपयोग नव्हता, असं ते म्हणाले.

आता मी बाकावर बसून तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचते आहे. त्या झडपेशी थांबले नसते तर? तो मला बोलावत होता आणि मी त्याच्या तोंडावर खिडक्या लावत होते. तिन्ही लावून मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले असते, मिर्ता. याचीच मला अजून भीती वाटते.

गास्तोनला रागावू नकोस. एल्बियोला तो बरा झाला की मी बघते.

इथे ये. पत्रातली माया पुरे झाली, आता स्वतः ये.

तुझी
झुल्मा


कास्तियोसजवळ
२८ सप्टेंबर

चि. मिर्ता, म्हणजेच आमच्या मेहुणीबाई, यांस एल्बियोचा नमस्कार.

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. तू आलीस, आम्हां दोघांना खायला घातलंस, मला पोटभर बोललीस आणि गेलीस. काही गोष्टी झुल्मासमोर बोलता येत नाहीत. आज ती कोंबड्यांकडे गेली आहे तेवढ्यात लिहितो.

मी सगळ्यांना सांगत असे की मला मरणाची भीती नाही. खोटं होतं. पडल्या पडल्या कळलं. बटण दाबलं आणि गास्तोनने पत्रा कापून केलेल्या त्या खिडकीतून ताडाखालचा दिवा लागलेला दिसला. वाटलं, आता येतील. मग घराची एक झडप बंद झाली. मग दुसरी. तेव्हा मला उमगलं की मी काय करून बसलो आहे. ज्या एका उजेडाकडे ही बाई जन्मात जाणार नाही, तोच मी तिला बोलवायला लावला होता, आणि सांगायचं पुढे ढकलत राहिलो होतो. तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती. ती तिच्या आईचं ऐकत होती. तिसऱ्या झडपेकडे मी बघितलं नाही, डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती दिव्याखाली होती. मिर्ता, तू ते बघायला हवं होतंस. एवढीशी बाई, एक चप्पल वाटेत कुठेतरी राहिलेली, हातात उघडी सुरी, तोंडात म्यान, डोळे गच्च मिटलेले, आणि सरळ माझ्याकडे चालत येते आहे. संध्याकाळनंतर जी अंगणात वाळत घातलेले कपडे आणायला मला पाठवते, तीच. ती मला मेलेल्या माणसापासून सोडवायला आली होती. मला माहीत असलेल्या कुठल्याही माणसाने माझ्यासाठी इतकं केलेलं नाही.

गास्तोनला सांग, घुबड अजून आहे, सेन्सर खाली वळवला तो ठीक चालतो. खोक्याची वायर झुल्माने स्वतः लावली. दिव्याचा रंग बदलून हिरवा करू का असं तो विचारत होता. नको. पांढराच असू दे, म्हणते ती. त्या भालाइताला तिने गाय कबूल केली होती, ती दिली नाही, म्हणून दर रविवारी खांबाशी मेणबत्ती लावते. दिवसा. पण जाते.

परवा तुमच्या शहरातून माझ्या वाद्या घ्यायला व्यापारी आला होता. भिंतीवरची सुरी बघून म्हणाला, म्यान सुंदर आहे, पण कुत्र्याने चावून खराब केलेलं दिसतं, स्वस्तात देणार असलात तर घेतो. मी ते लग्नात झुल्मासाठी वळलं होतं. मधोमध दोन्हीकडून दात इतके खोल रुतले आहेत की वरचा गोफ तुटून आतलं कातडं दिसतं. झुल्मा मागे लागली आहे की नवं वळून दे, लाज वाटते.

मी वळणार नाही. व्यापाऱ्याला सांगितलं, कुत्रा नाही, आणि विकायचं नाही.

ती येते आहे, काठीचा आवाज ऐकू येतो. लोभ ठेव, आणि हे पत्र तिला कधी दाखवू नकोस.

एल्बियो